पहिल्या महिन्यातलं डायपर: कुठलं घ्यायचं, कसं बदलायचं, आत काय बघायचं

बाळंतीण घरी यायच्या आधीच लंगोट की डायपर हा प्रश्न घरात निघतो. आजीने जुन्या सुती साड्यांचे लंगोट शिवून ठेवलेले असतात आणि बाबाने ऑनलाइन डायपरचा मोठा पॅक मागवलेला असतो. दोन्हींचा उपयोग आहे, फक्त वेळा वेगळ्या आहेत. दिवसा घरात लंगोट, रात्री आणि दवाखान्याच्या फेरीला डायपर, ही वाटणी पहिल्या महिन्यात बहुतेक घरांना सोयीची पडते. सिझेरियन झालं असेल, धुणं करायला घरात हात कमी असतील, तर चोवीस तास डायपर वापरण्यातही काही चूक नाही. बाळाची कातडी चांगली राहते की लाल होते, हे ओलं किती वेळ अंगाला लागून राहिलं त्यावर ठरतं. तेवढं सांभाळलंत की बाकीची निवड खिशाप्रमाणे आणि सोयीप्रमाणे करा.

डायपरच्या आत काय असतं

पॅकमधलं एक कोरं डायपर कात्रीने मधोमध कापून बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढच्या बऱ्याच शंका त्यातून सुटतात. अंगाला लागणारा वरचा थर न विणलेल्या मऊ कापडाचा असतो. त्यातून शू खाली झिरपते. त्याखाली ती पसरवणारा एक पातळ थर असतो. मग येतो लाकडाच्या लगद्याचा कापसासारखा थर, आणि त्यात मिसळलेले बारीक साखरेसारखे दाणे. हे दाणे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे. शू शोषून ते फुगतात, त्यांची जेली होते आणि दाबलं तरी पाणी सहजी परत बाहेर येत नाही. सगळ्यात बाहेर प्लास्टिकचा पातळ थर, आणि मांड्यांपाशी दोन्ही बाजूंना इलॅस्टिकच्या दोन-दोन झालरी: एक आतली उभी, एक बाहेरची. कधी डायपर फाटून जेली अंगाला लागलीच तर ओल्या कापसाने पुसून टाका. कातडीला तिचा त्रास होत नाही, तोंडात मात्र जाऊ देऊ नका.

या जेलीमुळेच एक अडचण होते. लंगोट ओला झाला की हाताला लगेच कळतं, डायपर मात्र एक-दोन वेळा शू झाली तरी आतून कोरडंच लागतं. नवख्या आई-बाबांना म्हणून वाटतं, बाळाने शूच केली नाही. यावर सोपा उपाय असा: औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाच्या टोपणाने ४५ मिली पाणी मोजा आणि कोऱ्या डायपरमध्ये ओता. दुसऱ्या हातात दुसरं कोरं डायपर धरा आणि दोन्हींचं वजन तोलून बघा. पहिला आठवडा सरल्यावर नीट ओलं झालेलं डायपर हाताला साधारण एवढं जड लागतं. घरात जे जे बाळाला घेणार आहेत, त्या प्रत्येकाला एकदा हे करायला लावा.

नवजात बाळाच्या बहुतेक डायपरवर पुढून मागे जाणारी पिवळी रेघ असते. शू लागली की ती निळी किंवा हिरवट होते. रेघ बदलली म्हणजे शू झाली एवढंच समजायचं. डायपर भरलं असा त्याचा अर्थ नाही.

निवडताना वासाचं डायपर टाळा. कोऱ्या डायपरला पावडरीसारखा सुवास येत असेल तर तो सुवास बाळाच्या काही कामाचा नाही, आणि नाजूक कातडीला त्यातूनच त्रास होऊ शकतो.

माप वजनावरून, महिन्यांवरून नाही

आपल्याकडच्या पॅकवर साधारणपणे न्यू बॉर्न किंवा एक्सएस माप ५ किलोपर्यंत आणि एस माप ४ ते ८ किलो असं लिहिलेलं असतं. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून पॅकवरचे आकडे वाचूनच घ्या. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येतं आणि मग दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढतं. म्हणजे ३ किलोच्या बाळाला न्यू बॉर्न माप पहिला महिना सहज पुरतं. जन्मतःच ४ किलोच्या आसपास असलेल्या बाळासाठी मात्र एसच घ्या. वजन अडीच किलोच्या आत असेल तर न्यू बॉर्न मापही मांड्यांपाशी सैल पडतं आणि गळतं. अशा बाळाला दिवसा लंगोटच बरा. रात्रीसाठी कमी दिवसांच्या बाळांचं माप औषधाच्या दुकानात विचारून मागवून घ्यावं लागतं.

फक्त डायपर वापरलं तर पहिल्या महिन्यात दिवसाला ८ ते १२ लागतात. लंगोटाबरोबर वापरलं तर ३-४ पुरतात. तरीही पहिली खरेदी २०-२४ नगांच्या लहान पॅकचीच करा. कुठल्या बाळाच्या मांड्या बारीक असतात, कुणाचं पोट मोठं असतं. एका घरात चांगलं बसलेलं डायपर दुसऱ्या घरात रोज गळतं. तीन-चार दिवस वापरून पटलं की मोठा पॅक घ्या. त्या वेळी किंमत भागिले नग असा एका डायपरचा दर काढा, कारण एकाच कंपनीच्या दोन पॅकमध्ये नगांची संख्या वेगळी असते आणि सवलतीच्या पाटीवरून काहीच कळत नाही.

बाजारात पँटसारखे वर ओढायचे डायपर जास्त दिसतात. रांगत्या बाळाला ते सोयीचे असतात. पहिल्या महिन्यात मात्र दोन्ही बाजूंना चिकटपट्टी असलेलेच घ्या. पोटावरची पट्टी सैल-घट्ट करता येते, बेंबीखाली दुमडता येते, आणि दिवसातून दहा वेळा बाळाचे दोन्ही पाय भोकांतून ओवावे लागत नाहीत. पँट घातलीच असेल तर काढताना खाली ओढू नका, शी पायभर पसरते. दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडा, पँट चिकटपट्टीच्या डायपरसारखी उघडते.

लंगोट आणि दुपटी

पुण्यात तुळशीबागेत आणि लक्ष्मी रोडवर तयार लंगोट, झबली, टोपडी सगळं मिळतं, पण सर्वांत मऊ लंगोट वापरून विटलेल्या सुती साडीचा किंवा धोतराचा होतो. नवं कापड घ्यायचंच असेल तर मलमल घ्या आणि बांधण्याआधी दोन-तीनदा धुवा, म्हणजे खळ निघून जाते आणि कापड शोषायला लागतं. ५० ते ६० सेंटिमीटर चौरसाचा त्रिकोण घाला, मध्ये चौपदरी घडीचा एक पट्टा ठेवा. मुलग्याला ती घडी पुढे जाड हवी, मुलीला मध्ये आणि मागे. नाडी पोटावर बांधा, पण तिच्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. सेफ्टी पिन नको. घाईत, अर्धवट झोपेत ती टोचतेच.

दिवसा फक्त लंगोटच वापरणार असाल तर दिवसाला १५ ते २० लागतील. उन्हाळ्यात ३० पुरतात, पावसाळ्यात ५० हाताशी ठेवा. दुपटी दहा-बारा, आणि खाली घालायला दोन रबरी शीट. रबरी शीटवर बाळाला थेट निजवू नका, मध्ये दुपटं हवंच. लंगोटावर प्लास्टिकची चड्डी घालायची सवय काही घरांत असते. अंथरूण कोरडं राहतं हे खरं, पण आत वाफ कोंडते आणि लाली तिथूनच सुरू होते.

एक गोष्ट इथे जरा सविस्तर सांगायला हवी. मोठ्या भावंडांची दुपटी, झबली, लंगोट, पणजीच्या हातची गोधडी असं सगळं ट्रंकेतून किंवा माळ्यावरून काढलं जातं. त्यात डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या असतील तर ते कपडे तसेच बाळाला घालू नका. या गोळ्या नॅप्थलीनच्या असतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. अशा बाळाच्या अंगात नॅप्थलीनची वाफ श्वासातून किंवा कातडीतून गेली तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. आपल्या बाळात ती कमतरता आहे का, हे बहुतेक घरांना आधी माहीत नसतं. म्हणून ट्रंकेतले कपडे बाळ यायच्या बऱ्याच आधी काढा, गरम पाण्यात साबणाने दोनदा धुवा आणि पाच-सहा दिवस कडक उन्हात टाका. नाकाशी धरल्यावर जराही वास आला तर पुन्हा धुवा. गोधडीसारख्या जाड कापडातला वास जात नसेल तर ती बाळाजवळ आणूच नका. बाळाचे कपडे ठेवायच्या कपाटातही या गोळ्या नकोत.

बदलण्याची पद्धत

जागा जमिनीवरची चांगली. सतरंजी, त्यावर रबरी शीट, त्यावर दुपटं. दिवाणावर किंवा पलंगावर बदलायची वेळ आली तर एक हात सतत बाळाच्या अंगावर असू द्या. महिन्याचं बाळ पालथं पडत नाही हे खरं, पण टाचा रेटत ते सरकतं.

आधी स्वतःचे हात साबणाने धुवा. मग सगळं सामान हाताच्या अंतरावर मांडा: एक उघडलेलं कोरं डायपर, वाटीत कोमट पाणी, कापसाचे सात-आठ बोळे, अंग टिपायला मऊ सुती फडकं, वर्तमानपत्राचा एक कागद आणि बदलायचं झबलं. बाळाचं डायपर उघडल्यावर कापूस आणायला उठावं लागलं, तर तयारी अपुरी होती असं समजा. पाणी किती कोमट, हे मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघा. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे चांगलीच थंडी असते. त्या दिवसांत बाकीचं सामान मांडून झाल्यावर, अगदी शेवटी वाटी भरा, नाहीतर पाणी हातात येईपर्यंत गार होतं.

आता चिकटपट्ट्या सोडवा आणि लगेच मागे दुमडून डायपरलाच चिकटवा. मोकळ्या राहिल्या तर त्या बाळाच्या मांडीला चिकटतात. डायपरचा पुढचा भाग लगेच पूर्ण काढू नका. गार हवा लागली की बाळ शू करतं, मुलगा असेल तर ती तुमच्या अंगावर येते. क्षणभर पुढचा भाग तसाच धरून ठेवा, मग खाली घ्या. शी झाली असेल तर डायपरच्याच स्वच्छ भागाने ती वरून खाली एकदा पुसून घ्या आणि डायपर बाळाच्या खालीच, स्वच्छ बाजू वर करून, दुमडून ठेवा.

दोन्ही घोटे एका हातात धरून पाय उंच उचलायची सवय पुष्कळांना असते. नवजात बाळाला ते करू नका. नुकतंच दूध प्यायलेलं असेल तर ते उलटतं, आणि पाय सरळ ताणून एकत्र आणणं खुब्याच्या सांध्यासाठीही चांगलं नाही. त्यापेक्षा बाळाला हलकेच कुशीवर वळवा, पार्श्वभाग पुसा, मग दुसऱ्या कुशीवर. याच कारणाने बाळाला दुपट्यात बांधतानाही पाय सरळ करून करकचून आवळू नयेत. छातीपाशी नीट बसेल इतकं बांधा, खाली गुडघे वाकवून बेडकासारखे पसरायला जागा ठेवा.

मुलीला पुसताना बोळा कायम पुढून मागे, आणि प्रत्येक फिरवण्याला नवा बोळा. मागून पुढे फिरवला तर शीतले जंतू लघवीच्या जागेत जातात. आतल्या घड्यांमध्ये पहिले काही दिवस पांढरं, लोण्यासारखं काही दिसतं. ते रगडून काढायचं नसतं, आपोआप जातं. मुलग्याची पुढची कातडी मागे ओढू नका. या वयात ती चिकटलेलीच असते, ओढली तर फाटते आणि पुढे घट्ट होते. फक्त बाहेरून पुसा, अंडकोषाखाली आणि जांघेत बघा, शी तिथे लपलेली असते.

पहिल्या दोन दिवसांतली काळी, डांबरासारखी शी कापसाने निघता निघत नाही. कोऱ्या अंगाला खोबरेल तेलाचं बोट आधीच फिरवून ठेवलं तर पुढच्या वेळी ती सहज सुटते. शी चिकटलीच असेल तर त्यावर तेल टाकून मिनिटभर थांबा, मग पुसा. पाण्याने रगडत बसलात तर कातडी लाल होईल आणि शी तिथेच राहील.

घरी साधं पाणी आणि कापूस यापेक्षा चांगलं काही नाही. ओले वाइप्स प्रवासासाठी ठेवा, बिनवासाचे आणि बिनअल्कोहोलचे घ्या. पुसून झालं की कोरड्या फडक्याने टिपा. घासू नका. मांडीच्या वळ्या बोटाने अलगद उघडून आतली ओल टिपली पाहिजे, नाहीतर तिथेच कातडी सोलवटते. एक-दोन मिनिटं तसंच उघडं राहू द्या.

कोरं डायपर मागच्या बाजूने कमरेच्या रेषेपर्यंत सरकवा. मागे खाली राहिलं तर पातळ शी पाठीवर, पार मानेपर्यंत चढते. पुढचा भाग वर घेताना मुलग्याचं लिंग खालच्या बाजूला करा, नाहीतर शू वरून पोटावर गळते. नाळ अजून पडलेली नसेल तर डायपरची पुढची कड बाहेरच्या बाजूला दुमडा, म्हणजे नाळ मोकळी राहील. नाळ साधारण पाच ते पंधरा दिवसांत वाळून पडते. तोवर तिला हवा आणि कोरडेपणा एवढंच हवं. हळद, तेल, राख, पावडर काही लावायचं नाही. मुळाशी लाली चढत असेल, पू किंवा दुर्गंधी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

चिकटपट्ट्या दोन्हीकडे सारख्या अंतरावर लावा आणि कमरेत दोन बोटं घालून बघा. आणि आता तो भाग, जो राहून गेल्याने सर्वांत जास्त डायपर गळतात: दोन्ही मांड्यांभोवती एकेक बोट फिरवून बाहेरची झालर बाहेर काढा. ती आत मुडपून राहिली तर शू त्या घडीतूनच थेट झबल्यावर येते, आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो. आतली उभी झालर मात्र आतच, मांडीच्या वळीला लागून उभी राहायला हवी. झालर नीट असूनही रोज गळत असेल, चिकटपट्ट्या पोटाच्या मध्यापर्यंत पोचत नसतील, किंवा काढल्यावर मांडीवरचे वळ अर्ध्या तासानेही जात नसतील, तर मोठं माप घ्यायची वेळ झाली.

शेवटी पुन्हा हात धुवा.

किती वेळाने बदलायचं

शी झाली की लगेच, दिवस असो की रात्र. शूसाठी दिवसा दोन-तीन तासांनी. रात्री नुसती शू असेल, डायपर चांगलं असेल आणि कातडी निरोगी असेल, तर झोपलेल्या बाळाला मुद्दाम उठवू नका. पाजायला घ्याल तेव्हा बदला. पाजताना पोट भरायला लागलं की आतडं हलतं आणि बरीच बाळं पिता पिताच शी करतात. म्हणून पाजायच्या आधी बदललेलं डायपर पंधरा मिनिटांत वाया जातं. एका बाजूचं पिऊन झालं की मध्येच बदला. बाळाला थोडी जागही येते आणि दुसऱ्या बाजूला ते नीट पितं.

शू-शीची नोंद

पहिल्या दोन आठवड्यांत कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवा आणि शू, शी असे दोन रकाने पाडा. जो बदलेल त्याने रेघ मारायची. बाळाला दूध पुरतं आहे का, याचं उत्तर या कागदावर असतं. रडण्यावरून अंदाज बांधत बसू नका.

पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्याला तीन, असं ढोबळ मानाने वाढत जातं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा चांगलं ओलं झालं पाहिजे. कमी असेल तर पाजण्याची पद्धत डॉक्टरांना किंवा नर्सला दाखवा. परस्पर वरचं दूध किंवा पाणी सुरू करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत डायपरवर विटकरी, केशरी पुडीसारखा डाग दिसतो. ते रक्त नसतं, लघवीतले क्षार असतात. दूध वाढलं की जातो. पाचव्या दिवसानंतरही दिसत राहिला तर दूध कमी पडतंय असं समजून त्याच दिवशी दाखवा. मुलीच्या डायपरवर पहिल्या आठवड्यात रक्ताचा किंचित डाग किंवा पांढरा स्राव दिसू शकतो. आईकडून मिळालेले हार्मोन उतरतात म्हणून तो येतो आणि थांबतो.

शी पहिल्या चोवीस तासांत झाली नाही तर हॉस्पिटलमधून निघण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. काळीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट-तपकिरी, आणि पाचव्या दिवसापर्यंत मोहरीच्या रंगाची, दाणेदार, पातळ. आईच्या दुधावरच्या बाळाला दिवसातून आठ-दहा वेळा अशी शी होऊ शकते. कडेने पाणी सुटलेलं दिसतं, म्हणून ते जुलाब ठरत नाहीत, आणि त्यासाठी घुटीत काही उगाळून द्यायची गरज नसते.

एक रंग मात्र कधीही चालवून घेऊ नका. शी पांढरट, राखाडी किंवा भिजवलेल्या कणकेसारखी फिकट होत असेल, लघवी गडद पिवळी होऊन कापडावर डाग पाडत असेल, किंवा कावीळ दोन आठवड्यांनंतरही डोळ्यांत दिसत असेल, तर उन्हात धरून वाट बघू नका. पित्त आतड्यात उतरत नसल्याची ती खूण असू शकते. पित्तनलिका बंद असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर तिचा उपयोग जास्त होतो, त्यामुळे इथे एकेक आठवडा मोलाचा आहे. तो डायपर सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवा, निदान दिवसाच्या उजेडात फोटो काढा. शीत रक्त दिसलं तरी हेच करा.

लाली आली तर

शू आणि शी एकत्र राहिली की कातडीचा आम्लपणा कमी होतो, शीतली एन्झाइम्स जोर धरतात आणि ओलीने मऊ झालेली कातडी सोलली जाते. वर डायपरचं घासणं असतंच. उपाय त्याच क्रमाने करायचे: जास्त वेळा बदला, फक्त पाण्याने धुवा, दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवा, आणि झिंक ऑक्साइडचं मलम भाकरीवर लोणी लावतो तसं जाड लावा. पुढच्या वेळी बदलताना ते सगळं खरवडून काढू नका. वरची घाण तेवढी टिपा आणि त्यावरच पुन्हा थर द्या. खोबरेल निरोगी कातडीला ठीक आहे, लालीला ते पुरत नाही.

अंघोळ घालायला मावशी येत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की लालीवर डाळीचं पीठ किंवा उटणं चोळायचं नाही. पावडरीचा फुलोरा वर्षानुवर्षं चालत आला आहे. तो बंद करा. पावडर श्वासात जाते, आणि वळीत ओलीबरोबर तिचे गोळे होऊन उलट घासतात.

लाली कुठे आहे ते नीट बघा. फुगीर भागावर, जिथे डायपर टेकतं तिथे असेल आणि वळ्यांच्या आत लाली नसेल, तर ती ओलीची लाली. वळीच्या आत लालभडक, कडेला सुटे सुटे लाल ठिपके पसरलेले, तर बुरशी. तिला डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलमच लागतं. दुकानातून मागून आणलेली, दोन-तीन औषधं एकत्र असलेली खाजेची मलमं लावू नका. त्यांत बऱ्याचदा तीव्र स्टिरॉइड असतं. बंद डायपरखाली ते जास्त शोषलं जातं आणि कातडी पातळ होते. दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर दाखवा. पाण्याचे किंवा पुवाचे फोड आले, बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, किंवा ते पिईनासं झालं तर त्याच तासाला निघा.

धुणं, आणि पुण्याचा पाऊस

शीचा लंगोट आधी गार पाण्याच्या नळाखाली धरा. गरम पाणी आधी टाकलं तर डाग पक्का बसतो. मग गरम पाणी आणि मोजका साबण, आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळणं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांत हे जास्त काळजीने करा. जड पाण्यात साबण सुटत नाही आणि लंगोट पापडासारखा ताठ वाळतो. तो ताठपणा जावा म्हणून कपडे मऊ करणारं लिक्विड घालू नका, त्याने कापड शोषेनासं होतं. शेवटच्या पाण्यात जंतुनाशक टाकायचीही गरज नाही. त्याचा अंश कापडात राहतो आणि अंगाला झोंबतो. मोहरीच्या रंगाचे डाग उन्हाने जातात.

जून ते सप्टेंबर ऊन नसतं. स्टँड पंख्याखाली ठेवा, लंगोट एकेरी पसरा आणि जवळजवळ वाळला की कडक इस्त्री फिरवा. नाकाला कुबट लागला तर तो बांधायचा नाही, पुन्हा धुवायचा. बंद खोलीत बाळ-बाळंतिणीजवळ शेगडी पेटवून त्यावर कपडे वाळवू नका. कोळशाचा विषारी वायू वासावरून कळत नाही. गॅलरीतल्या दोरीवरून काढलेला प्रत्येक लंगोट झटकून, उलटा-सुलटा करून, शिवणीत मुंगी नाही ना ते बघूनच घडी घाला.

वापरलेलं डायपर

शी आधी संडासात झटकून टाका. डायपर मात्र कधीच संडासात टाकायचं नाही, ते फुगून पाइप तुंबतो. घाण आत राहील अशी गुंडाळी करा, त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करा आणि वर्तमानपत्रात बांधा. त्या पुडक्यावर लाल पेनाने किंवा मार्करने ठसठशीत ठिपका काढा. पुण्यात कचरा घरोघर घेणाऱ्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी ही लाल ठिपक्याची पद्धत रुजवली, आणि २०१६ च्या घनकचरा नियमांतही डायपर नीट गुंडाळून देणं घरावरच टाकलं होतं. कचरा हाताने वेगळा केला जातो. गाठ मारलेल्या काळ्या पिशवीत काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही आणि बाळाची शी त्या बाईंच्या बोटांना लागते. ठिपका दिसला की त्या पुडकं न उघडता बाजूला ठेवतात. ओल्या कचऱ्यात डायपर टाकलं तर अख्ख्या बादलीचं खत वाया जातं, आणि जाळायचं तर अजिबात नाही. दिवसभराची पुडकी झाकणाच्या वेगळ्या डब्यात साठवा आणि सकाळी ओल्या-सुक्यापासून वेगळी, हातात द्या.